टीव्ही कुणाच्या घरी

"बघा, दिसतोय का कुठे?" नेस्टाने जिन्याखालच्या कपाटाचं दारसुद्धा सताड उघडून दाखवलं. आत झाडू, दोन छत्र्या आणि तिच्या कुबड्या होत्या. "कोळशाची खोली तेवढी राहिली. तीही बघून घ्या."

लायसन्स खात्याचे मिस्टर पिलिंग ओशाळले. "नको, बाई. पुरे झालं."

बुधवारी त्यांच्या कचेरीची नोटीस आली होती. घरात रंगीत टीव्ही आहे आणि लायसन्स काढलेलं नाही; पंधरा दिवसांत बारा पौंड भरा, नाहीतर कोर्टात यावं लागेल. नेस्टाला आधी हसूच आलं. इद्वल प्रिचर्डच्या घरात टीव्ही! तिचा नवरा चॅपलच्या पंचांतला. छपरावर अँटेना दिसली तर लोक काय म्हणतील, असं म्हणून त्याने चौदा वर्षं टीव्हीला उंबरा ओलांडू दिला नव्हता. गेल्या हिवाळ्यात पाय मोडून ती तीन महिने खिडकीपाशी पडून होती, तेव्हा तिने एकदा भीत भीत विषय काढला होता. "बायबल आहे ना उशाशी," एवढंच तो म्हणाला.

आता या नोटिशीने त्याचं डोकं फिरायला नको, म्हणून तिने त्याला न सांगता स्वतःच उत्तर धाडलं. आमच्याकडे टीव्ही नाही, कधी नव्हता, खुशाल येऊन पाहा.

आणि हे गृहस्थ शनिवारी दुपारी खरंच आले.

"म्हणजे चूक तुमचीच की," ती चहा ओतत म्हणाली. "खाणीतल्या माणसांचं गाव हे. अर्धं गाव प्रिचर्ड, उरलेलं विल्यम्स. तुम्ही तरी काय करणार म्हणा."

"टीव्ही विकला की दुकानदार आम्हाला फॉर्म पाठवतो, बाई. कुणी घेतला, कुठे लावणार, सगळं असतं त्यात. गिऱ्हाइकाची सहीसुद्धा." पिलिंगनी फायलीतून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

नेस्टाने चष्मा लावला. नाव, इद्वल प्रिचर्ड. गल्ली बरोबर. घराचा नंबर बरोबर. सही बघायची खरं तर गरज नव्हती, तरी तिने बघितली. मग तारीख बघितली. नऊ फेब्रुवारी १९७४.

नऊ फेब्रुवारीला तिचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"साखर किती?" तिने विचारलं.

पिलिंगनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि कागद हळूच मागे ओढला. "असेल काहीतरी घोटाळा, बाई. मी कचेरीत विचारतो."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. इद्वल वाफ्यातून आला होता, हातात मातीने भरलेल्या कांदापातीच्या जुड्या. "बाहेर मोटार कुणाची?" असं विचारता विचारता त्याची नजर टेबलावर गेली.

"लायसन्सवाले आलेत," नेस्टा म्हणाली. "आपल्याकडे टीव्ही आहे म्हणतात."

पोत्यात चार खडे कमी निघाले तर कोळसेवाल्याशी तासभर हुज्जत घालणारा माणूस तो. पण कसला टीव्ही, असं त्याने विचारलंच नाही. "माझ्या लक्षातून राहून गेलं," तो पिलिंगना म्हणाला. "सोमवारी पोस्टात भरून टाकतो. या तुम्ही."

पिलिंगनी टोपी उचलली. त्यांना जायचंच होतं.

"बसा हो. चहा तसाच राहिलाय," नेस्टा म्हणाली. "मला एक सांगा. या घराचं लायसन्स काढलं की झालं ना?"

पिलिंग अडखळले. "तसं नाही, बाई. टीव्ही ज्या घरात, त्या घराचं लागतं."

"मग सांग की त्यांना, कुठल्या घरात आहे."

"नेस्टा, परक्या माणसासमोर..."

"आता परके कसले? घराचा कानाकोपरा बघून झालाय त्यांचा. कोळशाची खोलीसुद्धा दाखवणार होते मी त्यांना, इद्वल. वेडी कुठली."

इद्वलच्या हातातल्या जुड्यांची माती फरशीवर पडत होती. एरवी ती ओरडली असती.

"चॅपल गल्ली," तो शेवटी म्हणाला. "सात नंबर."

सात नंबरमध्ये चॅपलची ऑर्गनवाली राहायची, विधवा बाई. हिवाळ्यात ती दोनदा मटणाचं सूप घेऊन आली होती. खाटेच्या कडेवर बसून, नेस्टाचा हात हातात घेऊन म्हणाली होती, "एकट्या बाईला संध्याकाळ खायला उठते, नाही का गं?" नेस्टाला तेव्हा तिची कीव आली होती. मंगळवारी आणि गुरुवारी तर नेस्टाही एकटीच असायची. इद्वल गायनाच्या तालमीला जायचा.

पिलिंगनी नाइलाजाने पेन उघडलं. त्यांचं कामच होतं ते. पत्ता लिहून झाल्यावर खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "तिथे राहतं कोण? नाव लागेल."

इद्वल जुड्या ठेवायला मोरीकडे वळला.

"मी सांगते," नेस्टा म्हणाली. "लिनोस. लिनोस रॉबर्ट्स." मग टेबलावरून वाकून तिने त्यांच्या कागदात पाहिलं. "असं नाही. आमच्या भाषेत सुरुवातीला दोन एल येतात. तुम्ही इंग्रज लोक एकच लिहिता."

पिलिंगनी खोडून पुन्हा लिहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता बरोबर."