बाहेरची टकटक

दार बाहेरून बंद झालं आणि अनेस्तिस चाळीस फुटी कंटेनरच्या काळोखात कान देऊन उभा राहिला. खरं तर हे काम डोळ्यांचं. पत्र्याला भोक पडलं असेल तर तिथून उजेडाचा ठिपका दिसतो, त्याभोवती खडूने गोल काढायचा. वेल्डर तेवढं बुजवतो. एकही ठिपका नसला की सही करायची आणि डबा पुन्हा समुद्रावर.

ग्रीसमधल्या केरात्सिनी बंदराच्या दुरुस्ती यार्डात तीस वर्षं ही सही अनेस्तिसची होती. त्याने पास केलेल्या डब्यात कॉफीचा दाणासुद्धा भिजत नाही, असं बंदरात लोक म्हणत आणि ते ऐकायला त्याला फार आवडे. पण दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले. चालण्यापुरतं दिसे, सहीची जागा सापडे. अंधारातले टाचणीएवढे ठिपके मात्र गेले ते गेलेच. डॉक्टरांनी हात टेकले. पेन्शन अजून लांब होती.

हे फक्त मिल्टोसला ठाऊक होतं. मिल्टोस यार्डातला वेल्डर. अनेस्तिसच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलं होतं, म्हणजे तिचा धर्मपिता, सख्ख्या भावाहून जवळचा. तोडही त्यानेच काढली. तो बाहेरून पत्रा तपासायचा आणि भोक सापडलं की शेजारी हातोडी वाजवायचा. आवाज येईल तिथे अनेस्तिस आतून गोल काढायचा. "तुझी अब्रू माझ्या खिशात आहे, म्हाताऱ्या," मिल्टोस म्हणायचा. "आणि माझा खिसा फाटका नाही."

ईस्टरनंतर मालकाने मिल्टोसला मुकादम केलं. त्याच सुमारास मालकाने सोळा वर्षांचे कंटेनर घाऊक विकत घेतले. या वयाचा डबा एरवी समुद्र सोडून कुणाच्या तरी शेतात कोंबड्या सांभाळतो. पण टकटक वाढायच्या ऐवजी कमी झाली. जुलैत तर एकदाही नाही. अनेस्तिसला नवल वाटलं. मिल्टोस म्हणाला, जुना पत्रा जाड असतो, हल्लीच्यासारखा पापड नसतो. अनेस्तिस हसला आणि सह्या करत गेला. त्रेसष्ट झाल्या.

आजही मिल्टोसचे बूट बाहेरून एक फेरी मारून गेले. मग टपावर चढले, उतरले. टकटक नाही. अनेस्तिसने खडू खिशात ठेवला.

शेजारचा डबा धुणाऱ्या झोईला आज घाई होती, मुलीचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा सण होता. एरवी ती तपासणी होईपर्यंत थांबायची. आज तिने पाइपाची धार तशीच याही टपावर वळवली.

पहिला थेंब कपाळावर पडला तेव्हा अनेस्तिसला वाटलं, घाम. दुसरा मानेवर पडला, मग कॉलरच्या आत गार ओघळ गेला. त्याने तळवे पुढे केले आणि आंधळा चालतो तसा तो डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. अकरा ठिकाणी पाणी गळत होतं.

त्याला राग आधी आला नाही. आधी त्याने पुन्हा मोजलं, अकराच. ज्याच्या हातात आपले डोळे दिले, त्यानेच केसाने गळा कापला होता. आणि त्रेसष्ट डबे आत्ता समुद्रावर होते, कुणाची कॉफी, कुणाचं पीठ पोटात घेऊन, त्याच्या सहीवर.

दार उघडलं. मिल्टोस कागद आणि पेन पुढे करून उभा होता, नजर कागदावरच.

"एकही गोल नाही ना? कर सही."

कागदावर थेंब पडला म्हणून त्याने वर पाहिलं. अनेस्तिसचा शर्ट अंगाला चिकटला होता, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. मिल्टोसचा चेहरा पडला. झोईकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला.

"मालकाला आणखी पाच वर्षं काढायचीत या जुन्या डब्यांतून. तुझ्या पेन्शनला आठ महिने राहिलेत. गप्प बस, दोघंही तरू."

अनेस्तिसने पेन घेतलं नाही.

"तूच लिही," तो म्हणाला. "अकरा भोकं. खाली लिही, तपासनिसाला दोन वर्षांपासून दिसत नाही, आधीचे त्रेसष्ट डबे परत बोलवा. आणि साक्षीदार म्हणून तुझंच नाव घाल. दुसऱ्या कुणाला मी सांगितलंच नव्हतं."