घट : निरंक

गुरांच्या छावणीचं पहिलं रजिस्टर एका भुकेल्या म्हशीनं खाल्लं होतं. जिल्ह्याहून आलेला तक्ता मात्र पहिल्याच रकान्यात विचारत होता : १ जानेवारी १९७३ रोजी जनावरं किती?

शामकांत कारकुनानं पेन्सिलीला टोक केलं. हाती होते दोन महिन्यांचे अहवाल, तेही नुसत्या टक्क्यांत. आधी पंचवीस टक्के वाढ, मग वीस टक्के घट. आज दावणीला चारशे.

"सोपं आहे," खुर्चीत रेललेले सर्कलसाहेब म्हणाले. "पंचविसातून वीस गेले. पाच टक्के वाढ. धरा उलटं."

शामकांतनं धरलं. तीनशे ऐंशी जनावरं आली आणि वर एकाचे पंच्याण्णव टक्के.

"साहेब, एक जनावर पुरतं भरत नाही."

"इथं कुठलं भरतंय?" साहेबांनी जांभई दिली.

शामकांतनं पुन्हा मांडलं, या खेपेला एकेक पाऊल मागं जात. वीस टक्के घटून चारशे उरली, म्हणजे त्याआधी पाचशे. पंचवीस टक्के वाढून पाचशे झाली, म्हणजे मुळात चारशे. तो कागदाकडं बघत राहिला.

"तेव्हा चारशे, आज चारशे," साहेब खुर्चीत सरळ झाले. "एकूण घट : निरंक. लिहा."

त्यानं पेन उघडून लिहिलं.

मालनबाई सकाळपासून टेबलापाशी उभी होती. तिची गाय गुरुवारी गेली. ओढ्यापर्यंत ओढत नेताना शामकांतनंही हात लावला होता. आता गाईच्या जागी तिला कालवड आत घ्यायची होती. कालवड कुंपणाबाहेर बसून होती. उभं राहण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं. नवं जनावर घ्यायचं तर आधी एक घटलेलं हवं, असा आता नियम.

"जागा नाही, मालनबाई," शामकांत खाली बघत म्हणाला. "कागदावर एकही जनावर घटलेलं नाही."

"म्हंजी मेलंच न्हाई कुनी?"

"हिशेबानं... नाही."

तिनं साहेबांकडं पाहिलं, मग उसाच्या वाढ्याच्या ढिगाकडं.

"मंग माझ्या गाईचा आजचा चारा द्या, भाऊसाहेब. कालचाबी ऱ्हायलाय."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, तक्त्यावरची ओली शाई पाहिली आणि मिटलं. शामकांत उठला. वाढ्याच्या दोन पेंढ्या त्यानं तिच्या हातांवर ठेवल्या, अंगठा घेतला. ती कुंपणाकडं निघाली. मागं वळून पाहिलं नाही.

ज्यांची जनावरं ओढ्याला गेली, ती माणसं अजून बाभळीखाली बसून असत. घरी जाऊन करायचं काय? त्यांच्यातला सहादेव गुडघ्यावर हात देत उठला, टेबलापुढं येऊन उभा राहिला. त्याच्यामागं राहीबाई. तिच्यामागं आणखी कोणकोण.

"आमचे बी दोन बैल हायेत, भाऊसाहेब," सहादेव म्हणाला. "लई खात्यात."