परातीतला समुद्र

टेबलपंखा परातीकडे वाकवून शिमशोन झिराडकरांनी बटण दाबलं. परातीत पाणी ते केवढं, जेमतेम तळ झाकण्यापुरतं. वारा लागताच ते थरथरलं, सरकत सरकत पलीकडच्या काठाला गोळा झालं. अलीकडे पितळेचा तळ उघडा पडला. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस एकटाच खुदकन हसला.

"नाना, या वयमा खेळी ऱ्हायनात का?" शेजारच्या यशोदाबाई अक्का कैऱ्या घेऊन दारात उभ्या. "पोराना फोन उना का?"

"येईल. सण लागायच्या आत येईल."

सण वल्हांडणाचा. ज्यू लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटले, वाटेत समुद्र दुभंगला, त्या सुटकेचा. धुळ्यातल्या देवपुरात हे एकच ज्यू घर. लोक बिचारे नानांना ख्रिस्ती समजून नाताळच्या शुभेच्छा देतात, आणि नाना त्या हसून घेतातही. मुलगा एझ्रा बायको-मुलीला घेऊन इस्राएलला गेला आणि तिकडे भलताच धार्मिक झाला. नानांनी नातीला, तामारला, फोनवर ही परात दाखवली होती. समुद्र असा हटला बघ, वाऱ्यानं; धर्मग्रंथातसुद्धा रात्रभर पूर्वेचा वारा सुटल्याचं सांगितलंय. एझ्राचं डोकंच फिरलं. "देवाचं काम पंख्याला देता, पप्पा? चमत्कार झाला म्हणून तिला सांगा, मग बोला हवं तेवढं." दिवाळीपासून नानांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मंग हो म्हनी टाका ना," कैऱ्या ठेवत अक्का म्हणाल्या. "तुमनं काय जास? पोर डोयाले तरी दिखी."

अक्का गेल्या. घर पुन्हा गप्प झालं. बायको गेल्यापासून या घरात दुसरा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी. नानांना कधी कधी वाटे, आपण बोलायचंच विसरू एक दिवस.

फोन वाजला. पडद्यावर एझ्रा, दाढी आणखी वाढलेली.

"पप्पा, ठरलंय ना आपलं? चमत्कार म्हणूनच सांगायचं तिला."

"ठरलंय."

मग तामार आली. केवढी उंच झाली होती! पुढचे दोन दात पडलेले.

"आजोबा, तो आवाज कसला? परातीवाला पंखा?"

"अगं, उकडतंय फार. धुळ्याचा उन्हाळा विसरलीस की काय?"

ती हसली नाही. तिनं एकदा मागे उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं आणि फोन अगदी तोंडाजवळ धरला.

"आजोबा, मी शाळेत वाऱ्याचं सांगितलं. सगळ्या मुली हसल्या. बाईंनी मला उभं केलं. मी म्हटलं, माझे आजोबा खोटं बोलत नाहीत, मी स्वतः बघितलंय. तुम्ही पप्पांना सांगा ना! परात दाखवा ना त्यांना!"

परात हाताशीच होती. फोन नुसता तिरका करायचा अवकाश, की पितळेची कोरडी वाट तिला दिसली असती. नानांनी हात उचललासुद्धा. मागे एझ्रा हाताची घडी घालून उभा होता. आत्ता फोन बंद झाला की पुन्हा कधी?

"नाही गं बाळा," नाना म्हणाले. "पाण्याच्या भिंती झाल्या होत्या. दोन्ही बाजूंना, उंचच उंच. देवानं केल्या. चमत्कार होता तो."

"मग परात?"

"ती आपली गंमत होती गं."

तामारनं फोन टेबलावर उभा करून ठेवला. एझ्राच पुढे आला, त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"थँक यू, पप्पा. आता दर शुक्रवारी फोन करील ती. बेटा, आजोबांना अजून काय विचारायचंय? विचार ना."

"काही नाही," ती म्हणाली आणि उठून गेली. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली.

फोन ठेवून नानांनी पंख्याचं बटण बंद केलं. पाती गरगरत थांबली. काठाला अडलेलं पाणी परत फिरलं आणि परातीतली ती कोरडी वाट बुडाली.