बारावा नंबर

दीनानं मागच्या वर्षीची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. नंबर काही बदलला नाही. बारा खेळाडू, आणि बारावी दीना. शेजारच्या कागदावर त्याच्या आधीच्या वर्षाची यादी, तिच्या शेजारी त्याच्याही आधीची. नऊ वर्षांचे नऊ कागद सहादेव सरांनी हॉलच्या भिंतीवर ओळीनं चिकटवले होते. प्रत्येक कागदावर पहिला एडविन आणि शेवटची दीना. खाली सरांच्या टपोऱ्या अक्षरात नियम होता: पहिल्याची जोडी बाराव्याशी, दुसऱ्याची अकराव्याशी, असं करत सगळ्या जोड्या तोलामोलाच्या.

साखर कारखान्याच्या या कॉलनीत गळीत हंगाम संपला की बॅडमिंटनचा हंगाम सुरू व्हायचा. सहा जोड्या, महिनाभर सामने. कोण किती पाण्यात आहे ते सरांच्या वहीत असायचं, आणि ती वही कुणाच्या नजरेस पडायची नाही. सर फक्त जोड्या वाचून दाखवायचे. यंदा गहिनीनाथनं ग्रुपवर टाकलं, की सर मर्जीतल्यांच्या जोड्या लावतात, नंबर जाहीर करा. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवलेला माणूस. त्यांना ते झोंबलं. पहिल्या वर्षापासूनची पानं झेरॉक्स करून त्यांनी भिंतीला लावली. घ्या, बघा.

आता लोक बघत होते. स्वतःचा नंबर बघून झाला की माणूस दुसऱ्याचा बघतोच.

"दीनाबाई बारावी?" स्नेहल हळू म्हणाली, पण हॉलमध्ये हळू काही राहत नाही. "म्हंजे एवढी वर्षं एडविनदादाच्याच जिवावर..." पुढचं तिनं गिळलं. त्या जोडीनं पाच वेळा ढाल जिंकली होती.

दीनाला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फेब्रुवारीत एडविन सकाळच्या पाळीला निघाला, बूट घालायला उंबऱ्यावर बसला आणि उठलाच नाही. तेव्हापासून तिला कशाचं काही वाटत नव्हतं. चहात साखर आहे की नाही, कळायचं नाही. वर्गात पोरं गोंधळ घालायची, तो दुसऱ्याच कुठल्या शाळेत चाललाय असं वाटायचं. आज ती रॅकेट घेऊन आली होती ते एकाच भरवशावर. बाकी सगळं एडविनबरोबर गेलं, पण हा हात आपला आहे, खेळ आपला आहे, असं ती मनाशी धरून आली होती. आता भिंतीवर लिहिलं होतं, की तोही आपला नव्हता.

लग्नही त्या वहीनंच जमवलेलं. दीना पुणतांब्याहून इथल्या शाळेत नवीन लागली, त्याच वर्षी ही स्पर्धा सुरू झाली आणि सरांनी वाचलं, एडविन आणि दीना. पुढं दोन वर्षांनी चर्चमध्ये तीच दोन नावं पुन्हा वाचली गेली. घरात कधी वाजलं की एडविन हात वर करायचा, "माझा काय दोष? सरांच्या वहीनं तुला माझ्या गळ्यात मारलं." ती हसायची. आज तिला त्याचा अर्थ लागला. खेळता येत नव्हतं, म्हणून गळ्यात मारली. बोलणं अगदी खरं होतं.

दहावा कागद यंदाचा होता. त्यावर तिचं नाव तिसरं. दहावी पुष्पावती, म्हणजे यंदाची तिची जोडीदार. या पुष्पावतीला शटल कुठं पडलं तेही दुसऱ्याला विचारावं लागायचं, आणि मागची नऊ वर्षं तीसुद्धा दीनाच्या वर होती. चार महिन्यांत रॅकेटला हात न लावता बारावीची तिसरी. दीनाला कळायचं ते कळलं. विधवेला माणसं अशीच वर बसवतात.

सर एकटेच पलीकडे नेट बांधत होते. ती त्यांच्याजवळ गेली.

"सर, माझं नाव काढा. आणि कीव करून नंबर वाढवू नका."

"कीव? आन ती कशाला?"

"बारावीची एकदम तिसरी कशी झाले मी?"

सरांनी दोरी तशीच सोडली. भिंतीजवळच्या गर्दीकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"गहिनीनाथाला सांगू नगंस, पन त्याचं म्हननं खोटं न्हाई. मी कबड्डीचा मानूस, पोरी. मला बॅडमिंटनातलं काय कळतंय? नंबर एडविन सांगायचा, मी नुसता लिवायचो. यंदा तो न्हाई, म्हनून पैल्यांदाच माझ्या डोळ्यांनी लावले."

म्हणजे सरांनी नव्हे. घरच्याच माणसानं, नऊ वर्षं, दरवर्षी. यानंसुद्धा आत काही हललं नाही.

"त्यानंच मला बारावी ठरवली?"

"पैल्या वर्षी मीबी हेच इचारलं त्याला," सर म्हणाले. "तुमची तर तवा वळखबी नव्हती. त्यानं तुला एकच दिस खेळताना बघितल्यालं. म्हनलं, आरं, ती नवी मास्तरीन लई चांगली खेळती, तिला शेवटाला का टाकतोस? तर नियमावर बोट ठेवून हसला. म्हनला, सर, पैला मीच हाय न्हवं? मग तिला बारावीच लिवा."