तिसरा नकार

देवाच्या दयेला अंत नाही, यावर प्रेसमधल्या तिघांचं संपूर्ण एकमत होतं. ते चहा संपेपर्यंत टिकलं.

कागद कापायच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हात गुंतल्याशिवाय पातं खाली येत नाही. काम लवकर उरकावं म्हणून मशीन चालवणाऱ्या कटरने एका बटणात पुठ्ठ्याची पाचर मारून ठेवली होती. मागे वळून गप्पा मारता मारता त्याने दुसरं बटण दाबलं, तेव्हा त्याचा जोडीदार आत हात घालून गठ्ठा सरळ करत होता. उजव्या हाताला आता अंगठा तेवढा उरला होता.

"मला फादरनी माफ केलंय," कटर म्हणाला. "गुडघे टेकून सगळं सांगितलं. येशूने माझं पाप केव्हाच फेडलंय म्हणाले."

"फादरची बोटं शाबूत आहेत," नमाजाच्या वेळी न चुकता मशीन थांबवणारा मशीनमन म्हणाला. "अल्लाहचा गुन्हा अल्लाह माफ करेल. माणसाचा गुन्हा आधी त्या माणसाने माफ करायचा."

"आमच्यातही तेच," ज्यूंच्या सिनेगॉगला नेमाने जाणारे प्रूफरीडर काका म्हणाले. "फक्त आमच्यात सोय आहे. मनापासून तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला, तर तू सुटलास."

कटरचा चेहरा उजळला. जोडीदाराकडून दोनदा नकार त्याच्या पदरात पडलेलाच होता. फादरच्या माफीने झोप काही येत नव्हती. परक्या धर्माची का असेना, सोय ती सोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो संत्री घेऊन हॉस्पिटलात गेला. जोडीदाराने पिशवीत डोकावून पाहिलं.

"सोलणार कोण?"

कटर सोलायला बसला. एक पूर्ण सोलून झाल्यावर म्हणाला, "भावा, मला माफ कर."

"काका दुपारी येऊन गेले. त्यांच्या पोटात काही राहत नाही. आज मी नाही म्हटलं की तू मोकळा, होय ना?"

कटर दुसरं संत्रं सोलू लागला.

"म्हणून आज नाही म्हणत नाही."

"म्हणजे... माफ केलंस?"

"तेही नाही. विचार करतो. आता मला दुसरं काम काय आहे?"

कटर पुन्हा गेला तेव्हा त्या खाटेवर अपेंडिक्सचा पेशंट होता. जोडीदार मामाच्या गावाला गेला होता. ते गाव कुठलं, हे प्रेसमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.