शिवी नसलेला मेसेज

संगणकाचा पडदा लालभडक झाला आणि संस्कृती खुर्चीतून ताडकन उठलीच. "साहेब, गुरुशांत! आज काहीतरी करणार तो!"

मैंदर्गीचा गुरुशांत सोलापुरात वेगळ्या राहणाऱ्या बायकोला, दानेश्वरीला, रोज धमक्या पाठवायचा. तोडतो, जाळतो, आणि शिव्या तर विचारूच नका! तिनं तक्रार दिल्यापासून ते मेसेज सायबर शाखेत, संस्कृतीनं बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये यायचे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा. इतके दिवस सगळं पिवळंच होतं.

इन्स्पेक्टर उदयसिंहांनी आजचा मेसेज वाचला. 'आता माझा कुणावर राग न्हाय. बैलं विरेशला दिली. आईला सांबाळ म्हणलोय त्याला. दुपारी गेटवर येतो. तुझ्यासाटी शेंगापोळी आणतो.'

त्यांना हसूच फुटलं. "अहो मॅडम, माणूस सुधारलाय की! मशीन बिघडलंय तुमचं."

"बैलं देऊन टाकली, साहेब! आई भावावर सोपवली. या माणसानं उद्यासाठी काही ठेवलेलंच नाही!" संस्कृतीनं जीपची किल्ली उचलून त्यांच्यापुढे धरली. जीव ओतून केलेला तिचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच लाल झाला होता. "चुकलं तर खुशाल हसा मला. पण आधी जीप काढा!"

साहेबांचं हसू मावळलं. बैलं अशी सहज कुणी देत नाही, हे त्यांच्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला नको होतं.

दानेश्वरी कामाला होती त्या चादरीच्या कारखान्याकडे जीप सुसाट सुटली. संस्कृतीनं तिला फोन लावला, तर ती आनंदानं चिवचिवत होती. "मॅडम, सुधारले वो ते! मी गेटवर निघालेच बगा."

"आतच थांब! बाहेर पाऊल टाकायचं नाही!"

गेटसमोर गुरुशांत पिशवी पोटाशी धरून शांत उभा होता. हवालदारांनी त्याला मागून कवेत जखडलं. पिशवीतून शेंगापोळ्यांचा पुडा पडला आणि त्यामागोमाग कोयता.

"सापडला!" संस्कृती ओरडलीच.

मग मात्र गुरुशांतचं तोंड सुटलं. आख्खा रस्ता थांबून ऐकू लागला, असल्या शिव्या. गेटाआड दानेश्वरी पांढरीफटक पडली होती. संस्कृतीनं धावत जाऊन तिला जवळ घेतलं, तिचे कान झाकले.

दानेश्वरीनं ते हात हळूच बाजूला केले.

"देऊ द्या मॅडम शिव्या," ती म्हणाली. "आता भ्या वाटत न्हाय."