तळवे

सोसायटीच्या गेटवर सुनंदाने दोन्ही तळवे यंत्रापुढे धरले. लेझर चमकला. कातडीवरचे रेणू उचलून यंत्राने ते तोलले आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: सुकट.

"खाल्लीस ना?" वॉचमन गायकवाड म्हणाला. "सहाव्या मजल्यावरच्या पोळ्या आता मी लाटू?"

"दादा, आईशप्पथ, हे काम धरल्यापासून घरात मासळी शिजली नाही."

"मग यंत्र खोटं बोलतं?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं. कार्तिकी शेजारच्या काकूंकडे भाकरी-सुकट खाऊन आली होती आणि सुनंदाने निघताना लेकीचं तोंड पुसलं होतं. साबणाने हात धुऊनही सुकटीचा अंश उरला. यंत्राला तिच्या तळव्यावरचा घामही दिसत होता, पण घामाला सोसायटीत मनाई नव्हती. त्या घामावरच तर घरं चालत होती.

"आज घरी जा," गायकवाड हळू आवाजात म्हणाला. "उद्या पुन्हा लाल आलं तर शहरातल्या सगळ्या सोसायट्यांना तुझं नाव जाईल. पोरीला हात लावू नकोस, झालं."

घरी कार्तिकी धावत आली.

"लांब उभी राहा," सुनंदा म्हणाली आणि हात मागे घेतले.

"मी काय केलं?"

सुनंदाने खरं ते सांगितलं. कार्तिकीने आपली बोटं हुंगली, मोरीत बसली आणि भांड्यांच्या तारेच्या घासणीने हात घासू लागली. पाणी गुलाबी व्हायला लागलं.

सुनंदा दारातच उभी होती. पोरीला थांबवायचं तर तिचा हात धरावा लागला असता.